बाटलीत समुद्र कुठून आला? सँटोरिनीच्या द्राक्षबागेची गोष्ट

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. हेडफोन घरी विसरणाऱ्यांसाठी, आणि "तू फार भरभर बोलतेस" अशी तक्रार करणाऱ्यांसाठी. बोलताना येणारे "म्हणजे", "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत. सगळे निघाले नाहीत, सांभाळून घ्या.

आधीच सांगते, आजचा विषय वाइन आहे, पण हा भाग पिण्याबद्दल नाही. न पिणाऱ्यांनी बिनधास्त पुढे वाचा. विषय खरं तर शेतीचा आहे. मी निफाड तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. आता बाग काका बघतात आणि मी जावा बघते. त्यामुळे वाइनचं मला कौतुक कमी आणि द्राक्षाच्या वेलीचं जास्त.

तर झालं असं. मागच्या वर्षी ऑनसाइटला फ्रँकफर्टला होते तेव्हा टीममधल्या ग्रीक सहकाऱ्यानं निरोपाच्या जेवणाला एक बाटली आणली. पांढरी वाइन, एकदम ड्राय, नाव 'थालासितिस'. थालासा म्हणजे ग्रीकमध्ये समुद्र. तो म्हणाला, "आधी वास घे, मग सांग." वासात फार काही कळलं नाही, लिंबाची साल आणि ओला दगड एवढंच. पण घोट घेतला आणि पहिल्यांदा कचकन आंबट, मग जिभेच्या कडांना पाणी सुटलं आणि शेवटी, गिळून झाल्यावर, खारट. कैरीची फोड मीठ लावून खाल्ल्यावर बोटं चाटतो ना, डिट्टो ती चव.

आता माझ्या डोक्यात लगेच एरर आला. द्राक्षाच्या बागेत मीठ म्हणजे शत्रू! आमच्याकडे विहिरीचं पाणी क्षारयुक्त झालं की पानांच्या कडा करपतात, वेल खुरटते. निम्म्या तालुक्यानं डॉगरिजचा खुंट लावला त्यामागे हेच एक मोठं कारण, तो क्षार आणि पाण्याचा ताण जरा जास्त सोसतो. मग समुद्राच्या काठावर द्राक्षं लावून त्यात मीठ आणणारे हे कोण शहाणे? आणि ते मीठ बाटलीत पोचतं तरी कसं?

ही वाइन सँटोरिनी बेटावरची. हो, तेच बेट. पांढरी घरं, निळे घुमट, सूर्यास्ताचे रील्स. सहकारी म्हणाला, "तुम्ही सगळे घुमटाचे फोटो काढता आणि वेलीवर गाडी पार्क करता." मला वाटलं चेष्टा करतोय. नोव्हेंबरमध्ये दोन मैत्रिणींबरोबर तिकडे गेले (नोव्हेंबरच का? स्वस्त पडतं, दुसरं काय) आणि पहिल्याच दिवशी आमच्या गाडीनं रस्त्याकडेला जागा बघून वळण घेतलं, तर पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर जमिनीत एक वाळकं घरटं दिसलं. शेजारी दुसरं. मग लक्षात आलं की समोरचं अख्खं माळरान अशा घरट्यांनी भरलंय. ती बाग होती.

आता हे नीट समजावून सांगते, कारण आपल्या डोक्यात द्राक्षबाग म्हटलं की मांडव येतो. अँगल, तारा, डोक्यावर पानांचं छत, खाली लटकणारे घड. तिथे यातलं काहीच नाही. खांब नाही, तार नाही, ठिबकची नळी बहुतेक ठिकाणी नाही. वेल जमिनीलगतच ठेवतात आणि दरवर्षी छाटणीनंतर उरलेल्या काड्या एकमेकींत गुंफत गोल वळवत जातात. वर्षानुवर्षं असं केलं की टोपली तयार होते. ग्रीकमध्ये या पद्धतीला कुलूरा म्हणतात, म्हणजे कडं, वेटोळं. मला विचाराल तर आपला शब्द जास्त चपखल आहे: चुंबळ. डोक्यावर हंडा ठेवायला कापडाची गोल चुंबळ करतात तशी लाकडाची चुंबळ, जमिनीवर ठेवलेली. घड त्या टोपलीच्या आतल्या बाजूला वाढतात.

का? तर वाऱ्यामुळे. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो आणि दिवसेंदिवस थांबत नाही. मांडव केला तर तो मांडवासकट उडेल. वाऱ्याबरोबर राखेची बारीक वाळू येते, ती कोवळ्या घडांना अक्षरशः खरवडून काढते. टोपलीच्या आत घड सुरक्षित, पानांची सावली असल्यामुळे ऊनही थेट लागत नाही. म्हणजे वेलीचंच कुंपण, वेलीचीच सावली.

आणि पाणी? वर्षाला साधारण ३०० ते ४०० मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा हिवाळ्यात. एप्रिल-मेनंतर ऑगस्टमध्ये तोडणी होईपर्यंत थेंब पडला तर पडला. मग वेल जगते कशावर? इथे जमिनीची गोष्ट सांगावी लागते.

साधारण ३,६०० वर्षांपूर्वी या बेटावरचा ज्वालामुखी फुटला. असा फुटला की बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. आज ज्या कड्यावर बसून लोक सूर्यास्त बघतात ती त्या खड्ड्याची कड आहे. अक्रोतिरी नावाचं भरभराटीचं गाव राखेखाली गाडलं गेलं. १९६७ मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञानं तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू केलं. त्या राखेचा, लाव्ह्याचा आणि प्यूमिसचा जो थर बेटावर बसला त्याला तिथे 'आस्पा' म्हणतात. प्यूमिस तुम्हाला माहीत आहे. टाचा घासायला मिळतो तो हलका, भोकाभोकांचा दगड. हिवाळ्यातला पाऊस तो धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात रात्री समुद्रावरून येणारं धुकं, दवही शोषतो. वेलींची मुळं खोल जाऊन त्यातलं जे मिळेल ते घेतात. वेली एकमेकींपासून लांब लांब लावलेल्या, कारण एवढ्या ओलाव्यावर दाटीवाटीनं कोणी जगू शकत नाही.

या जमिनीत चिकणमाती जवळपास नाही, आणि त्याचा एक मोठा फायदा झाला. १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये फायलोक्सेरा नावाची कीड शिरली. मावा असतो ना, त्याचीच दूरची भावकी, पण ही मुळांवर बसते. बघता बघता युरोपभरच्या बागा झोपल्या. उपाय सापडला तो असा: मुळं अमेरिकन जातीची घ्यायची आणि त्यावर युरोपियन वाणाचं कलम करायचं. आज जगातल्या बहुतेक द्राक्षबागा कलमी आहेत. पण मोकळ्या, वालुकामय जमिनीत ही कीड टिकत नाही. सँटोरिनीत ती कधी पाय रोवू शकली नाही. त्यामुळे तिथली वेल आजही स्वतःच्याच मुळांवर उभी आहे. टोपली सत्तर-ऐंशी वर्षांनी म्हातारी झाली, घड कमी झाले, की वरची टोपली कापून टाकतात. त्याच जुन्या मुळातून नवी फूट येते आणि पुन्हा नवी चुंबळ वळायला घेतात. त्यामुळे "वेलीचं वय किती?" या प्रश्नाला तिथे सरळ उत्तर मिळत नाही. वरचं विचारताय की खालचं?

हे सगळे फोटो मी काकांना पाठवत होते. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झालेला, काका डावणीच्या फवारणीत गळ्यापर्यंत बुडालेले. पहिला रिप्लाय आला: "ही काय बाग म्हणायची का? ह्याला कोणी वालीच दिसत नाही." दहा मिनिटांनी दुसरा: "डॉगरिज नाही?" मी लिहिलं, "नाही काका, स्वतःच्या मुळावर." त्यावर नुसता डोळे वटारलेला इमोजी.

बरं, आता मूळ प्रश्न. खारटपणा.

सोपं उत्तर जे प्रत्येक टेस्टिंग रूममध्ये मिळतं ते असं: समुद्र जवळ, जमीन ज्वालामुखीची, म्हणून वेल मुळांतून समुद्र आणि दगड शोषते आणि ते ग्लासात येतं. ऐकायला झकास. पण वेलीचं मूळ म्हणजे स्ट्रॉ नाही. ते पाण्यात विरघळलेले आयन घेतं, तेही निवडून, मोजूनमापून. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ हे कडक ऑथेंटिकेशनवालं एपीआय आहे, वाट्टेल ती रिक्वेस्ट आत घेत नाही. दगडाला स्वतःची अशी चव जवळपास नसतेच. ॲबरिस्टविथ विद्यापीठातले भूगर्भशास्त्रज्ञ ॲलेक्स माल्टमन यांनी यावर २०१८ मध्ये एक अख्खं पुस्तकच लिहिलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात हे की जमिनीचा वाइनवर परिणाम होतो, पण तो पाण्याचा निचरा, ओलावा, उष्णता यांतून. दगडाची चव थेट वाइनमध्ये उतरत नाही.

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याचा अगदी छोटा अंश जरी वेलीनं मुळांतून घेतला तरी वेल मरेल, हे कुठलाही बागायतदार सांगेल. समुद्राकाठच्या बागेत वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात, मण्यांच्या सालीवर बसतात आणि थोडंसं मीठ रसात जाऊ शकतं हे खरं. पण फक्त तेवढ्यावर ती चव उभी नाही.

मग उभी कशावर आहे? आंबटपणावर. आणि आंबटपणामागे आहे पोटॅश!

हे मला कळलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता, कारण आमच्या घरात पोटॅश हा रोजचा शब्द. मण्यात पाणी उतरायला लागलं की काका ०:०:५० सोडतात. गोडी वाढावी, फुगवण चांगली यावी, आंबटपणा कमी व्हावा म्हणून. होतं असं की द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं. पोटॅशियम मण्यात आलं की ते या आम्लाला पकडतं, त्याची धार बोथट करतं. खायच्या द्राक्षाला हे हवंच असतं. सँटोरिनीच्या राखेच्या जमिनीत मात्र पोटॅशियम फार कमी. पकडणारंच कोणी नाही, म्हणून आम्ल मोकाट राहतं. तिथला असिर्टिको हा वाण मुळातच आंबटपणा न सोडणारा. तळपत्या उन्हात साखर चढत जाते, १३.५-१४ टक्के अल्कोहोल होण्याइतकी, तरी आंबटपणा उतरत नाही. वाइनचा पीएच ३च्या आसपास राहतो. एवढ्या उष्ण ठिकाणच्या वाइनसाठी ही खरंच वेगळी गोष्ट आहे.

वाणाची करामत किती आणि जागेची किती, असं कोणी विचारेल. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीत जिम बॅरी नावाच्या वाइनरीनं सँटोरिनीहून हाच वाण नेऊन लावला आणि २०१६ पासून त्याची वाइन काढली. तिथेही असिर्टिको उन्हात आंबटपणा धरून राहतो. म्हणजे आंबटपणा बराचसा त्याच्या रक्तातच आहे. पण राख, वारा आणि पाण्याची बोंब, हे पॅकेज बेटावरच मिळतं.

आता 'ड्राय'चा भाग. ड्राय म्हणजे कोरडी नाही, ड्राय म्हणजे साखर संपलेली. यीस्ट रसातली साखर खातं आणि अल्कोहोल बनवतं. ढोबळ हिशेब: लिटरमागे १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का अल्कोहोल. म्हणजे १४ टक्क्यांच्या वाइनमध्ये लिटरला जवळपास २४० ग्रॅम साखर होती, आणि शेवटी उरली बहुतेक वेळा ४ ग्रॅमपेक्षा कमी. आंबटावर पांघरूण घालायला गोड काही उरलंच नाही. त्यात असिर्टिकोला फळांचा घमघमाट कमी. ना पेरू, ना लिची. मग जिभेला मिळतं काय? भरपूर आंबट, लाळ सुटणं, थोडा कडसर तुरटपणा. आणि आपली जीभ अशा चवीची ओळख ज्या खान्यातून करते तो खाना कैरी-मिठाचा असतो. सोलकढी जरा उरकून केलेली असली की मीठ जास्त झालंय की कोकम, हे पटकन कळत नाही, तसंच. भर म्हणून सालीवरचं ते चिमूटभर खरं मीठ. झाला समुद्र तयार.

गंमत म्हणजे पूर्वी हा सगळा द्राविडी प्राणायाम लोक करतच नव्हते, सरळ समुद्राचं पाणी ओतायचे! रोमन लेखक केटोनं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात कोस बेटाच्या धर्तीवर वाइन करायची कृती आहे, आणि त्यात समुद्राचं पाणी हा चक्क घटक आहे. 'थालासितिस' हे नावही त्या जुन्या समुद्री वाइनवरून घेतलंय. ती बनवणारी गाया ही वाइनरी १९९४ची, सँटोरिनीतला तिचा कारखाना म्हणजे समुद्राला लागून असलेली टोमॅटोची जुनी दगडी फॅक्टरी. मीठ ते अर्थातच घालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओइया गावाच्या खालच्या सपाटीवर सिगालास वाइनरीत गेलो. पारिस सिगालास हे गणिताचे माणूस, १९९१ मध्ये त्यांनी ही वाइनरी सुरू केली. आता ती दुसऱ्यांच्या हातात आहे. तिथे 'कावालियेरोस' नावाची वाइन होती. ती एकाच बागेतली, इमेरोविग्ली गावाजवळच्या. एक ग्लास घेतला आणि तिघींत वाटला. किंमत बघून, खोटं कशाला बोलू. साधारण दीड वर्ष स्टीलच्या टाकीत यीस्टच्या गाळावर ठेवलेली, लाकडाचा स्पर्श नाही. पहिल्या बाटलीपेक्षा जाड, शांत, पण शेवटी तोच खारट धक्का.

इथे 'सिंगल व्हिनयार्ड' म्हणजे काय ते सांगते, कारण हल्ली हे शब्द आपल्याकडच्या लेबलांवरही दिसतात. साधारणपणे वाइनरी दहा-वीस शेतकऱ्यांकडून द्राक्षं घेते आणि एकत्र करते. यात कमीपणा काही नाही. एका प्लॉटला गारपिटीनं झोडपलं तर दुसरा आहे, एकाची आंबट तर दुसऱ्याची गोड, चव दरवर्षी सारखी ठेवता येते. आमच्या भाषेत लोड बॅलन्सिंग. सिंगल व्हिनयार्ड म्हणजे सगळी द्राक्षं एकाच बागेतून. बॅकअप सर्व्हर नाही. ज्या वर्षी त्या बागेचं जे होईल ते बाटलीत. कुठल्या देशात हे शब्द कधी वापरायचे याचे नियम वेगवेगळे. अमेरिकेत लेबलवर बागेचं नाव टाकायचं तर निदान ९५ टक्के द्राक्षं त्याच बागेतली लागतात. पण नियम सोडा, त्यामागचं वचन महत्त्वाचं: ही चव या जागेची आहे, दुसरीकडून आणता येणार नाही. आम्ही इंजिनिअर लोक अशा डिझाइनला नाव ठेवतो, 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'. ती बाग गेली की ती वाइन गेली.

आणि बागा जातायत.

बेट केवढं? जेमतेम ७६ चौरस किलोमीटर. कायमची वस्ती १५ हजारांच्या आसपास, आणि वर्षाला येणारे पाहुणे ३० लाखांच्या वर. हॉटेल, व्हिला, पार्किंग, रस्ता, सगळ्याला जमीन त्याच ७६मधून हवी. कड्यावरून समुद्र दिसणारी जागा असेल तर विचारूच नका. १९५६च्या जुलैमधल्या मोठ्या भूकंपानंतर बेटावरचे खूप लोक अथेन्सला निघून गेले, तेव्हाही बऱ्याच बागा ओस पडल्या होत्या. २०२५च्या फेब्रुवारीत पुन्हा आठवडे-आठवडे धक्के बसत राहिले आणि हजारो लोक काही काळ बेट सोडून गेले. पण भूकंपानं गेलेली बाग परत उभी राहते, मूळ जिवंत असतं. सिमेंट ओतलेली राहत नाही. त्यात २०२३ आणि २०२४, दोन्ही हंगामांत कमी पाऊस आणि उष्णतेनं पीक फारच घटलं.

टोपलीची छाटणी हे तर वेगळंच दुखणं. यंत्र चालत नाही, गुडघ्यावर बसून, एकेक काडी हातानं वळवायची. तोडणीही वाकून, ओणवं होऊन. ऑगस्टच्या उन्हात. बेटावरच्या तरुण मुलाला त्याच ऑगस्टमध्ये हॉटेलात एसीखाली पगार आणि टिप मिळतात. मी असते तर काय केलं असतं? मी काय केलं ते समोरच आहे. मी निफाडहून हिंजवडीला आले.

रात्री काकांना फोन लावला. त्यांना चवीत रस नव्हता, थेट मुद्द्यावर. "एकरी किती निघतं गं?"

"टनभर. जुन्या टोपल्या असतील तर तेवढंही नाही."

"अन् किलोला?"

ग्रीसमधल्या सर्वांत महाग द्राक्षांपैकी ही आहेत. हिशेबाला म्हणून मी म्हटलं, "पाच युरो धरा. युरोला शंभर रुपये."

काका पाच सेकंद गप्प. मग म्हणाले, "एक टन, पाचशे रुपयानं, पाच लाख. आमचा दहा टन, पन्नास रुपयानं, पाच लाख. म्हणजे सारखंच की!" आणि जोरात हसले. मग जरा थांबून, "पण फवारणी किती?" मी सांगितलं, कोरडी हवा, वारा, त्यामुळे रोग कमी, फवारण्या थोड्याच. फोनवर पुन्हा शांतता. डावणीच्या औषधाचं बिल डोळ्यासमोर आलं असणार.

मला मात्र दुसरा हिशेब सुचला होता, तो मी त्यांना सांगितला. कड्यावरच्या हॉटेलात समुद्र दिसणारी एक खोली, सीझनमध्ये रात्रीला चारशे युरो सहज. म्हणजे एका एकराचं वर्षभराचं उत्पन्न एक खोली तेरा रात्रींत मिळवते.

काकांनी लगेच विचारलं, "मग विकत का नाहीत?"

या प्रश्नात थोडी मेख आहे, ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्या बागेचे पुढचे दोन एकर हायवेला लागून आहेत. गेली दोन वर्षं दलाल चकरा मारतायत. प्लॉटिंग, गोडाऊन, ढाबा, काहीही होईल म्हणतात. काकांनी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

मी म्हटलं, "विकतात काका. बरेच जण विकतात. जे नाही विकत त्यांच्या बाटलीवर बागेचं नाव येतं." बोलून गेले खरी, पण हे अर्धवटच खरं आहे. बाटलीवर नाव येण्यासाठी मधे वाइनरी लागते, कायद्याचं संरक्षण लागतं (सँटोरिनी हे नाव लेबलवर कोणत्या वाइनला लावायचं याचे नियम १९७१ पासून आहेत), आणि किलोला दहापट दर द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक लागतं. आमच्या थॉमसनच्या पेटीवर हायवेलगतच्या दोन एकरांचं नाव छापून कोण एक रुपया जास्त देणार आहे?

जाता जाता एक प्रश्न, जो रेकॉर्डिंगच्या वेळी मैत्रिणीनं विचारला: आपल्याला एवढा मोठा समुद्रकिनारा, मग अलिबागची किंवा वेंगुर्ल्याची वाइन का नाही? कारण समुद्र पुरत नाही, कोरडेपणा लागतो. कोकणात पावसाळ्यात जेवढं कोसळतं त्यात द्राक्षवेल भुरी आणि डावणीनं काळी पडेल. सँटोरिनीत वर्षभरात जेवढं पडतं तेवढं कोकणात एखाद्या जुलैच्या आठवड्यात पडून जातं. शिवाय वेलीला हिवाळ्यात झोप लागते. आपल्याकडे थंडी पुरेशी नाही म्हणून ती झोपतच नाही, तिला आपण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी करून कामाला लावतो. ते घाटावरच्या कोरड्या हवेत जमतं, खाली नाही. कोकणाला समुद्राचं फळ हवं असेल तर आंबा, काजू आहेत की. तक्रार कसली.

आणि खाणाऱ्यांसाठी एक: बेटावर 'फावा' नावाचं पिवळ्या डाळीचं घट्ट वरण मिळतं, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. ती डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली आहे. या आंबट-खारट वाइनबरोबर ते वरण इतकं जमतं की आम्ही तीन दिवस दुसरं काही धड खाल्लंच नाही.

परत आल्यावर दिवाळीचा राहिलेला फराळ घेऊन गावी गेले. काकांनी माझा मोबाइल घेतला आणि ओसरीवर बसून सगळे फोटो एकेक मोठे करून बघितले. घुमट, सूर्यास्त भराभर सरकवले. चुंबळीच्या फोटोवर थांबले. बोटानं काड्या मोजत होते.

"हे बघ," म्हणाले, "डोळे कुठं ठेवलेत अन् कात्री कुठनं लावली, ते ह्यात दिसत नाही. पुढच्या खेपेला जवळनं काढ."

पुढच्या दोन एकरांतल्या वेली यंदा छाटल्यात. फुटवा चांगला आहे.